बिस्किटांचा पाळणा

पद्मक्का बिस्किटं लाटायची नाही, ठोकायची. बदली होऊन मी साताऱ्याहून मैसूरला आले आणि अग्रहारात तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला खालून धप, धप असा आवाज सुरू झाला. मला वाटलं, कुणी कपडे धुतंय. पण अर्धा तास झाला तरी आवाज थांबेना आणि पाणी सोडल्याचं तर कुठेच ऐकू येईना. मी बँकेतली बाई, तक्रार कशी करायची ते मला चांगलं ठाऊक. चेहरा तयार करून खाली गेले. स्वयंपाकघरात एक साठीपुढची बाई पाटावर बसली होती. समोर थापलेलं पीठ, पिठावर लाकडी ठसा, आणि त्या ठशावर ती मुठीच्या कडेने हाणत होती.

"सद्दू होतो म्हणून आलीस, अल्लवा?" ती मान वर न करता म्हणाली. "बस. अजून बारा राहिलेत. बारा झाले की भांडू." सद्दू म्हणजे आवाज, अल्लवा म्हणजे नाही का; असं कन्नड तिच्या मराठीत मधूनमधून यायचंच.

बारा झाले. तिने आदल्या दिवशी भाजलेलं एक बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. त्यावर पोपट होता, शेपटीची रेघन्रेघ उमटलेली. तो पोपट खाववेना आणि भांडण आठवेना. मी तशीच वर आले आणि तक्रारीचा विषय त्या दिवशी संपला तो संपलाच.

ही मंडळी मूळची रंगारी. किती पिढ्यांपूर्वी मैसुरात आली ते तिलाही सांगता यायचं नाही. कापडावर ठसे उमटवायचा धंदा आजेसासऱ्यांबरोबर गेला, मागे माळ्यावर सागवानी ठशांचं एक पोतं राहिलं. पद्मक्काचा नवरा नारायणराव देवराज मोहल्ल्यात शिंपीकाम करायचा. त्याने ते पोतं बंबात घालायला काढलं, तेव्हा हिने ते ओढून घेतलं, एकेक ठसा सोड्याच्या पाण्यात उकळला, उन्हात वाळवला, तेल पाजलं आणि कापडाऐवजी नानकटाईच्या पिठावर ठोकला. पोपट, कोयऱ्या, कमळं, वेलीची किनार. "लोकांना रंग खायला घालशील," असं नवरा म्हणाला होता म्हणे. तिने पहिलं बिस्किट त्यालाच खायला घातलं. "तो मेला नाही, मग विकायला काढली," हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की हसावं की नाही ते कळायचं नाही.

मी ठसा उमटवायला शिकले तेव्हा तिचा एकच नियम होता. "एकदाच ठोक, आणि उचल. नीट आलं नाही म्हणून परत दाबू नको. परत दाबलं की दोन दोन पोपट होतात, भुतासारखे." माझी निम्मी बिस्किटं भुताची व्हायची. ती बाजूला काढून पद्मक्का मलाच चहाबरोबर द्यायची, म्हणजे मी विसरू नये.

सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत असे. तिने ते फार दिवस चालू दिलं नाही. "तुम्ही म्हणू नको गं, बँकेत चेक घेऊन उभी राहिल्यासारखं वाटतं. आणि तुझं मराठी असं काय, बातम्या वाचल्यासारखं? स्वल्प मऊ बोल." मग मी अगं-तुगंवर आले. मऊ मात्र मला कधीच बोलता आलं नाही.

दसऱ्यात तिचा खरा मान. इथे घरोघरी नवरात्रात बाहुल्या मांडतात. संध्याकाळी शेजारची पोरं बाहुल्या बघायला येतात, त्यांना खाऊ द्यायचा. त्या खाऊच्या टेबलाच्या मधोमध मांडायला पद्मक्का बिस्किटांची शोभा करून द्यायची. झूल पांघरलेला हत्ती, पाठीवर अंबारी, बाजूला चवरीवाले, सगळं बिस्किटाचं. नाचणीच्या पिठाचा हत्ती, हळदीची अंबारी. बिटाच्या लाल रंगावर तिचा फार राग. "बीट पळपुटं आहे. भट्टीत घातलं की तोंड काळं करून येतं." पिठात सोडा घालायचा नाही, कारण सोड्याने बिस्किट फुगतं आणि ठसा पुसला जातो. तुकडे जोडायचे ते साखरेच्या पक्क्या पाकाने. पाक गॅसवरून उतरवला की हातात पाच-सात क्षण. तेवढ्यात कड कडेला लागली तर लागली, नाहीतर साखरेचा दगड होतो. त्या वेळी ती कुणाशी बोलायची नाही. दारावरची बेल वाजली तरी उठायची नाही.

एकदा असाच एक हत्ती एका वकिलांकडे पोचवायचा होता. रिक्षातून उतरताना धक्का बसला आणि पुढचा एक पाय मोडला. मी घामाघूम. आता परत घरी जाऊन पाक करायचा तर दोन तास. पद्मक्काने हत्ती पायरीवर ठेवला, नीट बघितला आणि उरलेले तीन पायही कटाकट मोडले. हत्ती झुलीवर बसता केला, पायांचे तुकडे उसाच्या कांड्यांसारखे त्याच्यापुढे मांडले आणि आत जाऊन वकिलीणबाईंना सांगितलं, "सवारी करून आला पाप, बिचारा दमलाय. बसू दे." वकिलीणबाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या वर्षी बसलेलाच हत्ती हवा म्हणाल्या.

अशी ही बाई. घर सतत माणसांनी भरलेलं, आणि तरी तिला स्वतःचं कुणी आहे हे मला आठ महिने कळलं नव्हतं. नारायणराव माझ्या येण्याच्या वर्षभर आधी वारले होते. एकदा तिच्या कपाटातून मोठी परात काढायला गेले तर परातीखाली एका मुलीचा फोटो. कॉलेजातली असावी, डोळे तंतोतंत पद्मक्काचे. मी विचारलं नाही, पण फोटो हातात होता आणि ती दारात उभी होती.

"शुभा," ती म्हणाली. "माझी."

शुभाने व्हिक्टर नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा चांगला, नोकरीचा, पण ख्रिस्ती. नारायणरावाने सांगून टाकलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. सहा वर्षं कुणी काढलं नाही. शुभा राहायची कुठे, तर बन्नीमंटपाकडे. रिक्षाने वीस मिनिटं. नवरा गेल्यावर तरी पद्मक्काने जायचं की नाही? मी तसं म्हणालेसुद्धा, माझ्या बातम्यांच्या मराठीत. ती बराच वेळ परात पुसत राहिली.

"ती निघाली ना, तेव्हा मला हाक मारली तिने. दोनदा. मी कढईत पाक ढवळत होते. पाक टाकून कशी उठू? तिच्याकडे बघितलंच नाही गं मी. मग गेट वाजलं." तिने परात खाली ठेवली. "पाक जळला असता तर काय झालं असतं, मीना? एक कढई. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. फोटो मात्र परातीखालून देव्हाऱ्याशेजारी आला.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या मध्यात ती धापा टाकत माझ्याकडे वर आली. गुडघ्यांमुळे ती जिना कधी चढायची नाही, मीच खाली जायची. व्हिक्टरचा फोन आला होता. चोवीस तारखेला दुपारी घरी या म्हणाला, शुभाला मी सांगितलंय. रात्री पाहुणे असतात, गोडाचं टेबल मांडतात, त्याच्या मध्ये ठेवायला तुमच्या हातचं काहीतरी आणा. एवढंच. ती फोन ठेवायचं विसरून तसाच हातात घेऊन आली होती.

"शुभा काय म्हणाली?" मी विचारलं.

"नको म्हणाली नाही, असं तो म्हणाला. नको म्हणाली नाही म्हणजे ये म्हणालीच, अल्लवा?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग दोन दिवस नुसता विचार. हत्ती नको, तो दसऱ्याचा. चर्च करावं तर तिला ते नीट आठवेना. मी फोनवर परदेशातली बर्फाने झाकलेली बिस्किटांची घरं दाखवली. तिने नाक मुरडलं. "हे काय, कापूस पडल्यासारखं." तिसऱ्या दिवशी सकाळी मला जिन्याखालूनच हाक. देवाचा जन्म म्हणजे पाळणा. रामाला पाळणा, कृष्णाला पाळणा, मग येशूला का नको? आणि पुढे ती जे बोलली ते ऐकून मला तेव्हा भरून आलं होतं.

"त्या मेरीअम्माला माहेरचं कोण होतं पाप? गोठ्यात बाळंतीण झाली. पाळणा माहेराहून जायचा असतो. कुणी दिला नसणार तिला. आपण देऊ. सरी ना?"

मी म्हणाले, अक्का, यापेक्षा चांगलं काही सुचणारच नाही. अगदी असंच म्हणाले.

तीन दिवस आम्ही तो पाळणा केला. मी बँकेतून रजा काढली. दोन खांब, वर कमान, कमानीला रेशमी दोऱ्याने टांगलेला पाळणा, चारी बाजूंनी पोपट आणि कोयऱ्या. खांबांना वेलीची किनार. ठसे ठोकताना तिचा हात एकदाही चुकला नाही. माझ्या भुतांना तिने जवळ फिरकू दिलं नाही. पाळण्यात बिस्किटाची इवलीशी कुंची ठेवली. बाळ करू का, मी विचारलं. "बेडा. बाळ त्यांचं. ते ठेवतील. आपण फक्त पाळणा न्यायचा." शेवटी तिने पाळण्याला बोटाने हलकी ढकल दिली. तो झुलला. तिने तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली.

चोवीसला दुपारी रिक्षा केली. नाताळचा आदला दिवस, परत यायला रिक्षा मिळायची नाही म्हणून मी त्याच माणसाला थांबायला सांगितलं. वाटेत पद्मक्का पाळणा मांडीवर घेऊन बसली होती, वरून धुतलेलं पांढरं धोतर टाकलेलं. दर खड्ड्याला ती रिक्षावाल्याला कन्नडमध्ये दम देत होती.

दार व्हिक्टरच्या आईने, स्टेलाम्माने उघडलं. तिने पद्मक्काचे दोन्ही खांदे धरून आत घेतलं. हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. केक, गुलाबाच्या फुलासारख्या तळलेल्या खुसखुशीत चकल्या, साखरेत घोळलेली शंकरपाळी. मधोमध जागा रिकामी. "शुभाने ठेवली तुमच्यासाठी," स्टेलाम्मा म्हणाली. तेवढ्यात शुभा आतून आली. फोटोतल्यापेक्षा खूप वाळलेली. आईला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. पद्मक्काने हाक मारली, "शुभे." शुभाचे ओठ हलले, आणि मला खात्री वाटली की आता सगळं नीट होणार. पद्मक्काने पाळणा त्या रिकाम्या जागी ठेवला आणि धोतर उचललं.

शुभाने पाळण्याकडे बघितलं. रिकाम्या पाळण्यातल्या कुंचीकडे बघितलं. मग आईकडे. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी पडली.

व्हिक्टर भिंतीला टेकून उभा होता, त्याने चेहरा हातांनी झाकला. स्टेलाम्माने हळू आवाजात सांगितलं. शुभाला सातवा महिना होता. गौरीच्या आदल्या आठवड्यात अचानक दुखायला लागलं. मुलगी होती. रडलीच नाही. त्यानंतर शुभा कुणाशी धड बोलत नव्हती, म्हणूनच व्हिक्टरने सासूला फोन केला होता. ही गोष्ट तिने स्वतःच आईच्या कुशीत सांगावी, म्हणून फोनवर तो बोलला नव्हता.

पद्मक्का ऐकत होती. तिने पाळण्यावर पुन्हा धोतर टाकलं, कडा नीट खोचल्या. मग त्या बंद दाराशी गेली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत जमिनीवर बसली, दाराला पाठ लावून. हाक मारली नाही. दार वाजवलं नाही. तिला रडूही आलं नव्हतं. नुसती बसून राहिली.

मी काय करावं? अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पाहुणे यायला लागले. नटलेल्या बायका, नव्या कपड्यांतली मुलं, सगळे पद्मक्काला वळसा घालून जात होते आणि मग माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. परक्याच्या घरी, त्यांच्या सणाला, आम्ही हे काय घेऊन आलो आणि हे काय मांडून बसलो! बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी वाकून तिच्या दंडाला धरलं. "चल अक्का," मी म्हणाले. "रिक्षावाला ओरडतोय. पुन्हा कधीतरी येऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी कुठल्या भाषेत बोलतेय ते कळत नसल्यासारखी. मग उठली.

पाळणा ती बरोबर घेऊन निघाली. स्टेलाम्मा राहू दे म्हणाली, पण तिने ऐकलं नाही. रिक्षात तिने तो पुन्हा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "गौरीच्या आदल्या आठवड्यात आपण काय करत होतो गं?"

मला आठवत होतं. आम्ही गौरीच्या ऑर्डरची बिस्किटं करत होतो आणि बिटाला शिव्या घालत हसत होतो. मी आठवत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडून गच्चीची किल्ली मागितली. पाळणा वर नेला, तुकडे केले आणि कठड्यावर चिमण्यांना, कावळ्यांना घातला. मी मदतीला गेले तर हातानेच नको म्हणाली. त्यानंतर खालून धप धप आवाज आला नाही. रोज सकाळी साडेसहाला मी जागी होऊन वाट बघायची. दोनदा तिने व्हिक्टरला फोन केला. तो म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या अम्मा. ती म्हणाली, सरी. मी म्हणाले, आपणच जाऊया का? तर म्हणाली, "होगली बिडु, जाऊ दे. आता तिने बोलावल्यावर. मी काय घेऊन जाते ते माझं मलाच कळत नाही."

शिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी, सकाळी दूधवाला बेल वाजवत राहिला आणि दार उघडेना, तेव्हा मी माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. ती झोपेतच गेली होती. व्हिक्टरला फोन मी केला. शुभा आली, आणि तेरा दिवस त्याच घरात राहिली. नारायणरावाच्या पुतण्यांनी कुरकूर केली, पण तिने कुणाला दाद दिली नाही. ती माझ्याशी फारशी बोलत नव्हती. मला वाटलं, मराठीची सवय गेली असेल.

तेराव्याला सगळे पांगल्यावर ती वर आली. हातात घराच्या किल्ल्या होत्या. मी चहा टाकते म्हणाले, ती नको म्हणाली, आणि पायरीवरच बसली.

"आंटी, त्या दिवशी अम्मा दाराजवळ बसलेली ना," ती अडखळत म्हणाली, "मी पण तिथेच बसलेले. आतून. दाराला पाठ लावून. तिचा श्वास ऐकू येत होता."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"मग मी उठले. कडीला हात लावला. तेव्हा तुम्ही म्हणालात, चल अक्का. आणि पावलं गेली. मला वाटलं, तिलाच जायचंय. आधीसारखंच. म्हणून नाही उघडलं."

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माउलीच्या माथी आणखी एक गोष्ट कशी लावू? मी म्हणाले, "तिला जायचं नव्हतं, शुभा. ती हलत नव्हती. मी दंडाला धरून उठवलं तिला. पाहुणे बघत होते, मला लाज वाटली म्हणून."

शुभाने माझ्याकडे बघितलं, अगदी पद्मक्काच्या डोळ्यांनी. ती चिडली असती, ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने किल्ल्या माझ्या हातात दिल्या, उठली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"स्वल्प बसू द्यायचं होतं तिला, आंटी," ती म्हणाली. "अजून स्वल्पच."